खटक्याखालचा निळा

एप्रिलचा चिखल बुटांवर घेऊन व्हर्ना हॅस्केल आली,
जुन्या चादरीत गुंडाळलेली दुनळी बंदूक
सरपणाच्या मोळीसारखी काखेत.
"लाइल म्हणायचा, कारखान्यातून निघाली तश्शीच आहे.
छपराचे पैसे निघतील का, एवढंच सांग."

व्हरमाँटच्या या खोऱ्यात छपरं पाटीच्या दगडाची,
जांभळी, हिरवट, राखाडी.
माझे आजोबा वेल्सहून येऊन जन्मभर तोच दगड फोडत बसले.
दगडाचा रंग ते खिडकीशी बघायचे, मीही तसाच.
दिवा खुशामत करतो.
बंदूक उत्तरेच्या उजेडात नेली, मोडून पाहिली. रिकामी.
मग भिंग काढलं.

आधी लाकूड.
नवं असताना ते पोलादापेक्षा केसभर उंच असतं,
बोट फिरवलं की नख अडतं.
इथं उलट पोलादाचीच कड टोचली.
काचकागद फिरलाय.
मुठीच्या जाळीचे हिरे बोथट,
वार्निश मेपलच्या पाकासारखं जाड.
गालाच्या जागी मात्र ते उडून लाकूड उघडं पडलेलं;
तेवढं लाइलचं.

नळ्या.
जुना निळा आपणहून तपकिरी होत जातो,
हात जिथं धरतो तिथं आधी.
या दोन्ही सारख्याच काळ्या, टोकापासून बुडापर्यंत,
आणि काळ्याच्या आत गंजाचे खड्डे,
पावडर थापलेल्या देवीच्या वणांसारखे.
स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका दिशेला हव्यात.
एक दहा वाजून पाच मिनिटं दाखवत होता.

मग बाजूचं पोलाद.
हाडांच्या कोळशात भाजून पाणी देतात
तेव्हा त्याच्यावर जे उमटतं ते कोणाच्या हातात नसतं.
मोरपंखी, हळदुवा, निखाऱ्यावरच्या राखेचा करडा.
उन्हानं उडतं, घामानं उडतं.
इथं काहीच उडालं नव्हतं.
पट्टे होते, मांजराच्या पाठीवरचे,
ज्योत फिरवून काढलेले.

शेवटी कारखान्याचं नाव.
अक्षरांच्या कडा चाकानं खाल्लेल्या,
शेवटच्या अक्षराचा पाय निम्मा गेलेला,
डावीकडे कलून.
तिथं मी भिंग खाली ठेवलं.

तो पाय मी ओळखतो.
एकोणीसशे एकोणसत्तर, जुलै, हेच दुकान.
म्हाताऱ्या ट्यूडर ओवेननं चाक माझ्या हाती दिलं:
हलका धर, पोरा, अक्षर वाचत वाचत घास.
मी सतरा वर्षांचा. खिडकीबाहेरून
ग्वेनिथ मॉर्गन सायकलवर चालली होती.
अर्ध्या श्वासाचा वेळ.
ओवेननं थोबाडीत दिली, मग चहा दिला,
आणि आठवडाभर आम्ही दोघांनी
बाकीची बंदूक त्या चुकीला शोभेल अशी घासली.

"मूळ नाही," मी म्हणालो. "निम्मी किंमत. निम्म्याहून कमीच."
बाहेर कोणाची तरी पिकअप चिखलात रुतून घुरघुरत होती.
"कोणी केलं असेल?"
हे सांगायचे पैसे मी घेत नाही,
त्यामुळे न सांगताही चाललं असतं.
"इथंच झालं. त्या चाकावर. मी केलं."

व्हर्ना हसली, आधी नाकातून, मग खांदे हलवून.
"म्हणजे ते खरं होतं तर!
शुद्धीत असला की म्हणायचा कारखान्याची,
आणि दोन ग्लास पोटात गेले की,
ओवेनकडच्या पोरानं वाट लावली म्हणून चाळीस डॉलरला पडली,
नाहीतर आपल्याला कुठली परवडायला."

काय बोलावं ते सुचेना. बंदूक परत मिटता मिटता
मी वरचा खटका बाजूला सारला,
आणि त्याच्या पोटाखाली,
चाक पोचलं नव्हतं, ज्योत नाही, लाइलचा अंगठाही नाही,
तिथं नखाएवढा निळा.
तिला दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून तिनं तो बराच वेळ पाहिला.
"याचे किती येतील?"
"याचे काही नाही."
"बरं," म्हणाली, आणि चादर झटकून
परत गुंडाळायला लागली.