अक्षराला दोन रुपये

माझं दुकान म्हणजे भांडी बाजारातला एक ओटा,
एक स्टूल, एक थरथरती सुई.
तीस वर्षं नाशकात नावं घालतोय
परातींवर, पातेल्यांवर, देवाच्या पळीवर.
अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा फुकट.
एकदा एका चिमट्यावर दोन भांडखोर जावांची,
दोन्ही पात्यांना एकेक.

मार्चातल्या एका ओस दुपारी
शरणपूरची एस्तेर आढाव आली.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
आत किल्ल्या, सुतळी, मोडकं कुलूप,
आणि फडक्यात बांधलेला एक क्रूस:
पांढरा मिना, सोन्याची कड,
मधे हिरव्या पानांचं कडं,
भोवती निळ्यावर बारीक परकी अक्षरं.
"यावर नाव घालायचंय."

मी भिंग लावलं.
कोरणाऱ्याचा हात ओळखीचा वाटला,
वळणावर श्वास रोखणारा.
म्हटलं, आठवड्याने या.

पुतण्या सातपूरला जर्मन कारखान्यात आहे,
त्याचा साहेब श्टुटगार्टचा.
फोटो पाहून साहेब रात्रभर मेसेज पाठवत राहिला:
हा आमच्याकडचाच, व्युर्टेमबर्गचा,
लढाईतल्या पराक्रमाचा.

सन सतराशे एकोणसाठ.
पानिपतला अजून दोन वर्षं.
तिथल्या ड्यूकने ठरवलं, शूर अधिकाऱ्यांना क्रूस द्यावा.
त्याच ड्यूकने पुढे दोनेक हजार माणसं
एका डच कंपनीला विकली. रोख.
केप, सिलोन, जावा.
परतले ते शंभराच्या आतबाहेर.
त्यांच्यातल्या कुणाला क्रूस मिळाला का,
साहेबाला माहीत नव्हतं.

मग ड्यूकचे राजे झाले, क्रूसाची कलमं नवी झाली,
फीत पिवळी-काळी, मग निळी, मग पुन्हा पिवळी-काळी,
सून आली की पडदे बदलावेत तशी.
एकोणीसशे अठराला शेवटचा राजा उठला खुर्चीवरून.
मानकरी उरले,
मान देणारा उरला नाही.

शरणपुरात कसा आला?
तिकडचे पाद्री यायचे एके काळी,
कुणाच्या तरी पेटीतून आला असेल.
साहेब 'असेल' म्हणाला,
मीही तेवढंच म्हणतो.

अक्षरांचा अर्थ: निर्भय आणि इमानी.
त्यातल्या 'इमानी'च्या शेवटी
आज लिहितात त्याहून वेगळं अक्षर आहे.
जुनी धाटणी, साहेब म्हणाला, कुणी बदलली नाही.
माझ्याकडे 'ळ'चा 'ल' झाला
तर तांब्या तोंडावर फेकतात.

पण मला खटकलं ते दुसरंच.
पुढून पाहिला, मागून पाहिला, कडेने पाहिला.
नाव नाही.
अख्खं नाशिक चमच्यावर नाव घालून घेतं,
आणि राजाच्या हातचं एवढं सोनं
कुणाचं, ते कुठेच नाही.

आठवड्याने एस्तेर आली.
नाव तिच्या वडिलांचं.
कब्रस्तानाचे राखणदार, बेचाळीस वर्षं.
दगडांवरची नावं झिजत गेली
तशी त्यांनी ती पाठ करून ठेवली.
कुणी लांबून शोधत आलं
की गवतात काठी टेकवून सांगायचे: इथे.
जानेवारीत गेले.
आता कुणाला पाठ नाहीत.

मी अर्थ सांगितला. ती हसली.
"निर्भय कुठले? धामण दिसली तरी ओरडायचे.
इमानी म्हणा."

मग सांगावंच लागलं,
सुई लावली तर मिना तडकेल.
दोनशे वर्षांचा असेल, माझ्या हातून नको.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
बाहेर कुणीतरी घंगाळ वाजवून पाहत होतं.
"मग डब्यावर घाला."

झाकण पुसलं, सुई चालू केली.
पत्रा पातळ, 'ढ'च्या वळणाला फुटलाच.
ती म्हणाली, चालेल.
"खाली 'स्मरणार्थ' घालू?"
"नको. नुसतं नाव."

शांतवन आढाव.
सात अक्षरं, चौदा रुपये.
तिने पंधरा दिले.
माझ्याकडे सुटा रुपया नव्हता.
राहू द्या, म्हणाली,
आणि क्रूस किल्ल्यांमध्ये टाकून
झाकण दाबून बसवलं.