पाणी कुठे जातं

शुक्रवारी रात्री, जेवणं झाल्यावर,
पातेली एका अंगाला सारून
मी टेबलावर लॅपटॉप उघडते. उद्या खेळ आहे.
नेरुळ, सेक्टर सोळा, तिसरा मजला;
आणि याच टेबलावर एक बुडालेला किल्ला.

नावं पुरवणारी एक साइट आहे.
बटण दाबलं की दहा नावं पडतात,
सगळी बर्फातली, जिभेला गारठा आणणारी.
ती टाकून मी सराईवाल्याला म्हणते धाकू भोपी.
तो लगेच उधारीची वही काढतो.

राक्षसांचा हिशेबही आयता मिळतो:
चार खेळाडू, पाचवी पायरी,
दोन ट्रोल म्हणजे जड, तीन म्हणजे मरण.
मी अडीच टाकते.
एकाचा हात आधीच तुटलेला, आणि स्वभाव रडका.

गुहेतल्या थेंबाचा आवाज किती मोठा ठेवावा
या विचारात होते, तेव्हा बाबा मागे येऊन उभे.
एकतीस वर्षं सिडकोत नकाशे काढले त्यांनी,
चुकलेली शाई ब्लेडने खरवडत.
अजून कुठलंही कागदी माप दिसलं की चष्मा वर करतात.

"हे काय?"
"तळघर. उद्या चोर उतरणार यात."
"भरतीच्या पातळीच्या वर की खाली?"
"बाबा, खोटं आहे ते."
"असू दे खोटं. पाणी कुठे जातं?"

नकाशाच्या साइटवर मशालींचे चाळीस प्रकार आहेत,
सांगाडे अकरा, बसलेले, लोंबणारे, एक तर जांभई देणारा.
गटार एकही नाही.

माउस त्यांच्या हातात थरथरला.
मग वीजबिलाच्या पाठीवर, पेन्सिलीने,
नाला, नाल्याच्या पोटाशी तलाव,
तलावाच्या तोंडाशी एक झापड:
"फ्लॅप गेट. ओहोटीला उघडतं, भरतीला आपोआप मिटतं.
माणूस लागत नाही."
शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

शनिवार. पडद्यावर चार चौकटी.
मुनाफ महापेच्या ऑफिसातून, पँट्रीत लपून.
डेरिक वाशीहून, मांडीवर मांजर.
ओजसच्या रॉटरडॅममध्ये अजून ऊन,
त्यामुळे त्याला भुयाराची भीती वाटत नाही.
आणि प्रणिता भोईर, घणसोलीगावातून,
मागे कुणीतरी हळदीचा बेंजो वाजवतंय.

मी बोटाने धुकं पुसत जाते,
चौकोनामागून चौकोन उजळतो.
मागचं दार मिटलं. पुढे अडीच ट्रोल.
मुनाफचा फासा: तीन. डेरिकचा: एक.
फासा खरा नाही, तरी डेरिकने तो फुंकला होता.

प्रणिता गप्प होती. मग म्हणाली,
"आमच्या पायाखाली ओल आहे म्हणालीस ना मघाशी?
म्हणजे खारं पाणी आत येतंय.
मग बांध असणार. बांध असला की उघाडी असणारच.
मी उघाडी शोधते."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

मी खाडीचं वेळापत्रक उघडलं, खऱ्या खाडीचं.
ओहोटी अकरा सतरा. घड्याळात अकरा वीस.
"सापडली," मी म्हटलं, "आणि उघडी आहे."
चौघं सरपटत बाहेर पडले चिखलात, शिव्या देत, आनंदाने.
रडका ट्रोल दारातूनच बघत राहिला.

"कोण ती मुलगी?" बाबांनी नंतर विचारलं.
"भोईर. घणसोलीची."
बराच वेळ ते वीजबिल उलटंपालटं करत होते.
"शब्द त्यांचाच," म्हणाले. "जमीनही.
आम्ही नकाशात फक्त इंग्रजी घातलं."

ते झोपल्यावर मी नकाशा परत उघडला,
झापडेपाशी एक चौकट काढली, लिहिलं: उघाडी.
साइटला तो शब्द ठाऊक नव्हता.
तिने खाली लाल नागमोडी रेघ ओढली.
राहू दिली.
पाणी तसंच दाखवतात.