ओढीची रेषा

गोराईत, भात कापून झाल्यावरच्या ओलसर पट्ट्यात
पास्कोल घोन्साल्विसचा ट्रॅक्टर उभा,
माझ्याहून दोन वर्षांनी थोरला.
मागं नांगर: दारूखान्यातून मीच
किलोच्या भावानं उचलून दिलेला,
दोन फाळांचा, दुसऱ्याच कुठल्या यंत्रासाठी घडलेला.

पहिल्याच तासाला तो डावीकडं पळाला.
दुसऱ्यालाही.
तास नव्हे, सापाची कात.

पास्कोलनं शिव्या दिल्या नाहीत.
घरातून गळाचा तंगूस आणवला.
एक टोक फाळांच्या मध्यावर, माझ्या चिमटीत,
दुसरं त्याच्या सुनेकडं, मागच्या आसाच्या बरोब्बर मध्याखाली.
स्वतः ढेकळांत पोटावर पडला,
एक डोळा मिटून.

तिथून म्हणे दिसत होतं सगळं:
तंगूस, त्याच्या डावीला चुकार पिन,
आणि रेषा तशीच पुढं नेली तर
खाडीपल्याड बोरिवलीच्या टॉवरवरची क्रेन.
"च्यार बोटं," तो म्हणाला.

चाळीस वर्षं लेथवर मी सुतासुतानं जगलो.
बोटं हे माप नव्हतं माझ्याकडं.
पण कोणाची, हे विचारलं नाही.
त्याचाच पंजा लोखंडी पट्टीवर ठेवून खडू ओढला,
उजवीकडं नवं भोक पाडलं,
पिन घातली,
तासातलं चाक एक खाच खाली.

नांगर मग मुकाट मागून आला.
दोष त्याचा नव्हता, ट्रॅक्टरचाही नव्हता.
बगळे उतरले.

सुनेनं तंगूस कोपराला गुंडाळत विचारलं,
"झालं ना? भरतीला लागंल हा."