अंगठ्याएवढं भोक

ओबनच्या नोंदणी कचेरीत हीटर गुरगुरतो आहे.
बाई विचारतात, आडनाव?
आणि माझी मुलगी माझ्याकडे बघत नाही.

मी चौतीस वर्षं बस चालवली,
टेनल्टपासून बंदरापर्यंत आणि परत.
हातात कधी रंधा धरला नाही.
घरातलं कपाटसुद्धा शेजारच्या फर्गसने जोडून दिलं,
त्याचं एक दार अजून आपोआप उघडतं.
तरी छातीवरच्या बिल्ल्यावर होतं: मॅकिंटायर.
सुताराचा मुलगा.

आजी हे नाव तिच्या भाषेत घ्यायची:
माख्क अन तूर.
मूळ शब्द सूर, म्हणायची,
पण नावात शिरला की त्याचा 'स' गिळायचा,
गरम बटाटा गिळतात तसा,
डोळ्यांत पाणी आलं तरी.
सूर म्हणजे सुतार.
सूर म्हणजे मोकळा.
आणि बाजारात गेलात तर, सूर म्हणजे स्वस्त.
यातले आपण कोण, असं विचारलं
की ती चुलीतला पीट हलवत बसायची.

गोष्ट अशी सांगतात:
बेटांकडून निघालेली होडी, किनारा लांब,
वारा फिरलेला आणि तळाला भोक.
एकाने त्यात अंगठा खुपसला.
पाणी थांबलं. पण आता तोही थांबला,
आपल्याच होडीला खिळा ठोकल्यासारखा,
आणि सुकाणू तिकडे एकटं आपटत होतं.
मग त्याने दुसऱ्या हाताने वाकस उचलला.
अंगठा तिथेच ठेवला. हात सोडवला.
लहानपणी मी आंघोळीच्या टबात
बुचाच्या जागी अंगठा दाबून हे करून बघितलं.
कापायचं तेवढं राहिलं.

गोष्टच ती. कोणी पाहिलीय?
चर्चची वही मात्र मी पाहिली आहे.
डंकन, माझ्या खापरपणजोबांचा बाप,
त्याला लिहिता येत नव्हतं.
कारकुनाने नाव लिहिलं, त्याने खाली फुली मारली,
जराशी कलती,
दोन फळ्या एकीत एक बसवाव्यात तशी.
त्याच वहीत, सात वर्षांत,
त्याचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं आहे.
माणूस तोच. टाक बदलला होता.

मग मेंढ्या आल्या आणि माणसं उठली.
एक भाऊ ग्लासगोला, जहाजांच्या कारखान्यात.
तिथल्या मुकादमाला एवढं लांब नाव परवडेना.
म्हणजे काय रे त्याचं?
सुतार.
मग राइट लिही.
शनिवारचा पगार राइटने घेतला,
रविवारी चर्चच्या बाकावर मॅकिंटायर बसला,
असं काही वर्षं.
पुढे रविवारही राइट झाला.
दुसरा भाऊ बोटीत चढला.
केप ब्रेटनहून त्याची दोन पत्रं आली.
दुसऱ्यात लिहिलं होतं: इथे लाकूड फार आहे.
एवढंच.

शाळेत पोरं मला टायर म्हणायची.
हवा भरू का, म्हणायची.
शेवटी चाकांवरच पोट भरलं मी, हसा खुशाल.

बाई पुन्हा विचारतात.
मुलगी मिरेककडे बघते.
पोलंडचा पोरगा, सामन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला,
हाताला कायम मिठाचा वास.
तो एकेक अक्षर सुटं करून सांगतो: स्तोलार्चिक.
बाईंना दोनदा मागे जाऊन पुन्हा टाइप करावं लागतं.

जिन्यात मी त्याला विचारलं,
उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून:
तुमच्या नावाला अर्थ असतो का काही?
तो शब्द शोधत राहिला. सापडेना.
मग हवेतच हात पुढे-मागे सरकवला,
रंधा मारतात तसा,
आणि गुडघ्याच्या उंचीवर तळवा धरून दाखवला:
त्याचं पोर.

मी कठड्याला धरून जरा थांबलो.
बाहेर फेरी भोंगा देत होती.
टोपलीत ऊना झोपली होती,
अंगठा तोंडात, घट्ट,
जणू काढला
तर पाणी आत येईल.