साडेचार चादरी

वीज गेली. बारा लूमचा खडखडाट थांबला
की साखर पेठेत स्वतःचेच कान वाजतात.
तेवढ्यात स्रवंती आली, रद्दीतलं पुस्तक घेऊन,
पाठ मी खळीनं चिकटवून दिलेलं.
‘नान्ना, पंख साडेपंधरा मीटर. मांडून बघू की.’

मी घडीखात्यातला माणूस. बत्तीस वर्षं
हाताखालून कापड गेलं आणि डोक्यातून माप.
बोळात चादरी अंथरल्या, लांबीला लांबी लावून.
सातवी कोंड्यालांच्या पायरीवर चढली.
लक्षुमबाईंनी विचारलं, कुणाचं लग्न?
पाखराचं, म्हणालो.
‘पाखरू नाही ते, नान्ना.’
मग काय? तर म्हणे, नुसतं उडणारं.

आठवड्यानं शाळेतून नवा आकडा आला.
दहा. फार तर अकरा.
साडेचार चादरी.
उरलेल्या मी घडी करून थप्पीवर ठेवल्या,
जणू कुणी ऑर्डर कमी केली.

मोजलं कशावरून?
दंडाच्या एका हाडावरून. बाकी अंदाज.
आमचे जुने मालक चिंधीएवढा तुकडा चोळून
अख्ख्या ताग्याचं सूत सांगायचे.
चुकायचेही. पण तागा समोर असायचा.

‘आणि वजन मात्र वाढलंय. आधी सत्तर किलो म्हणायचे,
आता दोनशेच्या वर.’
पहिल्या धुण्यात चादर आटते, हे मला ठाऊक.
पण आटलेली चादर दाट होते, जड होत नाही.
इथं माझा धंदा उपयोगी पडेना.

नान्नजच्या माळावर एकदाच माळढोक पाहिला होता.
गवतातून पळत सुटला, पळतच राहिला,
मग कुठं जमिनीनं त्याला सोडलं.
बारा किलोचा असेल.
असेलच म्हणतोय मी. तोललाय कुणी?

‘हे पळत नसेल,’ स्रवंती म्हणाली.
‘चारी पायांवर दबून, हातांनीच जमीन ढकलायची, एकदम.’
हातांनी?
मी माझे बघितले. अंगठ्याला घट्टा,
नखांत निळा रंग.

पुस्तकात साडेपंधराशेजारी
तिनं पेन्सिलीनं दहा लिहिलं.
पहिला आकडा खोडला नाही.
खाली थोडी जागाही सोडली.

वीज आली.
पाचव्या चादरीच्या दुमडलेल्या अर्ध्यावर
कुणाच्या तरी सायकलचा टायर उमटला होता.
ती आता सेकंडात जाणार.