आकसाची पट्टी

राजारामपुरीत, मगदूमच्या दुकानात
काउंटरवर तीन पडदे उभे केलेत,
पाटीएवढे, पाटीहून पातळ.
एक चौदा इंची, दोन साडेपंधरा.
मला हवा पिशवीत मावणारा, एका वायरीवर चालणारा,
शिरोलीच्या शेडमध्ये भर दुपारी
पत्र्याच्या फटीतून ऊन आलं
तरी रेघ न् रेघ दाखवणारा.

मगदूम निट्स सांगतो, हर्ट्झ सांगतो.
"ह्याच्यावर पिच्चर बघा ताई, डोळं दिपतील."
चकचकीत काचेत मला दिसते ट्यूबलाइट,
तिच्याखाली माझं कपाळ,
आणि मागं आप्पा, टोपी काढून घाम पुसणारे.
पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग तेवढं दिसत नाही.
म्हटलं, मॅट दाखवा.

आप्पांनी तो हातावर तोलला,
पाठीवर नखानं टिचकी मारली
आणि कान लावला.
उद्यमनगरात चाळीस वर्षं ओतीव माल
असाच ऐकलाय त्यांनी:
बद्द वाजला की आत चीर.
मगदूमचा जीव खालीवर.
"प्लास्टिक हाय. कायबी बोलंना," आप्पा म्हणाले.
मग माझ्याकडं वळून,
"पर दुसरा कशाला गं? एकावर भागत न्हाई व्हय?"

त्यांच्याच पेटीत दोन पट्ट्या.
एक जगाची.
दुसरी आकसाची, फुटाला एक सूत जादा,
कारण लोखंड निवताना अंग चोरतं.
चौथीत मी चुकून ती दुसरी शाळेत नेली,
वर्गात माझाच चौकोन सगळ्यांत मोठा.
बाईंचा लाल शेरा बघून
आप्पा जेवताना ठसका लागेपर्यंत हसले होते.

म्हटलं, "एकावर गिऱ्हाइकाचं माप, एकावर साच्याचं."
"मग तसं म्हण की," म्हणाले,
आणि मगदूमला,
"कव्हर फुकाट घाल. घासाघीस नको."

कव्हरचाच स्टँड. चौथ्या दिवशी
टेबलावरून घसरायला लागला.
आप्पांनी सागवानाचा एक तुकडा शोधला,
आडवी खाच पाडली, पॉलिश पेपर फिरवला.
पडदा बसला, हलेना.
विचारलं, "खाच कुठल्या पट्टीनं मोजली?"

बोलले नाहीत.
पडद्याच्या पाठीवर तळहात ठेवून
बघत होते
किती तापतोय.