स्टार्टिंगचं वाइंडिंग

हर्षलला शाळेतनं गृहपाठ आलाय:
एक इंग्रजी शब्द घ्या, त्याचे दहा अर्थ लिहा.
त्यानं 'स्टार्ट' घेतला, सोपा म्हणून.
"आत्या, स्टार्ट म्हणजे सुरू. बाकीचे नऊ कुठनं आणू?"
मी म्हटलं, बस बाकड्यावर.
उद्यमनगरात बसल्या जागी अर्थ चालत येतात,
कधी टेम्पोतनं येतात.

पहिला आला बुलेट ढकलत, घामाघूम.
"सकाळधरनं स्टार्टच घेईना."
हर्षलनं लिहिलं: घेण्याची वस्तू.
समोरच्या लेथवरचा पोरगा विचारून गेला,
शिरोलीत स्टार्टिंगला किती देतात, ताई?
ते त्यानं लिहिलं नाही. उत्तर ऐकून पोरगाच हसला होता.
मामा सांगत होते शाहूपुरीतल्या नव्या हॉटेलचं,
"जेवायच्या आधीच पोट भरलं की रं,
आणि त्येला म्हणं स्टार्टर!"
वर ट्यूब लुकलुकत होती.
मी खुर्चीवर चढून तिची पत्र्याची डबी फिरवली, उजेड पडला.
"हापण स्टार्टर?"
हा पण.

दुपारी कसबा बावड्याची राजाक्का चौगुले आली,
डंकाची मोटार रिक्षातनं घेऊन.
"नुसती गुरगुरतीया गं. फिरंना.
हातानं ढकललं की मग पळती."

मोटार उघडली तर आत सगळी चटणी.
बारीक लाल पूड, तारांच्या फटीफटीतनं.
मी शिंकले, हर्षल शिंकला,
मामा शिंकत शिंकत गल्लीत गेले.
राजाक्का तेवढी गप्प, तिला सवय.

हे बघ, मी त्याला दाखवलं.
ही जाड तार दिवसभर राबायची.
आणि ही बारीक, हे स्टार्टिंगचं वाइंडिंग.
हिचं काम दोन श्वासांचं.
मोटारीला एकदा गती लावून द्यायची
आणि आतल्या आत खट् करून बाजूला व्हायचं.
स्विच चिकटला, ही आतच राहिली,
तर जळते.
तुझे आजोबा वासावरनंच सांगायचे कुठली जळली ते.

"आणि इथं काय झालंय?"
इथं ती जळलीच नाही. चटणीनं स्विच अडकलाय,
तिला कुणी बोलावलंच नाही.

घासकागद मारता मारता ऐकत होते,
तो डिक्शनरीतनं मोठ्यानं वाचत होता.
निघणे. उगम. आघाडी.
मग थांबला.
"आत्या, हे चुकलंय. इथं लिहिलंय, दचकणे."

चुकलं नाही.

आप्पा गेले त्याच्या तेराव्यानंतरची सकाळ.
किल्ली माझ्या हातात,
काका म्हणत होते जागा भाड्यानं देऊन टाकू,
बाईमाणसानं काय मोटारी भरायच्या.
मी वाकले, शटर वर ओढलं,
आणि त्या आवाजानं मीच दचकले.
वीस वर्षं रोज ऐकलेला आवाज,
पण दुसऱ्याच्या हातचा.
शेजारच्या वेल्डरनं चष्मा वर करून बघितलं,
काही बोलला नाही, परत ठिणग्या सुरू.
त्या दिवशी एकच गिऱ्हाईक आलं, मिक्सरवालं.
तेही आप्पांना विचारत.

हे हर्षलला सांगितलं नाही.
लिही म्हटलं, दचकणे. बरोबर आहे.

संध्याकाळी मोटार बाकावर चढवली. बटण दाबलं.
गुरगुर, मग सरकली, मग वेग,
आणि मध्येच कुठंतरी ते खट्,
राजाक्काला ऐकू न आलेलं.
ती पैसे मोजत होती, वर पिशवीत
कांदा-लसणाची पाव किलो.

हर्षल वही मिटून उठला. नऊच झाले होते.
"दहावा?"
सकाळी ये लवकर, म्हटलं,
शटर तू ओढ.